एसीचा गॅस संपत नाही, गळतो

मे महिना लागला की गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "गॅस संपलाय, भरून टाकू." दरवर्षी! जणू गाडीचा एसी म्हणजे स्वयंपाकघरातला सिलिंडर. पण एसीत काहीच जळत नाही. छोट्या गाडीत जेमतेम 400-500 ग्रॅम गॅस असतो आणि तोच गोल गोल फिरत राहतो. लवकर कमी झाला, तर कुठेतरी गळतोय.

इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट चोळलं की गार लागतं, कारण उडता उडता ते कातडीची उष्णता नेतं. एसीतही तेच. बऱ्याच गाड्यांत आर-134ए नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो उणे 26 अंशांनाच उकळतो, पण दाब वाढवला की उत्कलनबिंदू वर चढतो, कुकरमधल्या पाण्यासारखाच. कॉम्प्रेसर त्याला दाबून हवेच्या 16 पट दाबावर नेतो. तिथे उत्कलनबिंदू जातो 58 अंशांच्या आसपास. म्हणजे बाहेरची 42 अंशांची रणरणती हवा त्याच्या दृष्टीने 'थंड'! त्या हवेत उष्णता टाकून कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या बारीक नळ्यांच्या जाळीत, त्याचा द्रव होतो. मला हे अजूनही अजब वाटतं. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटल्यावर दाब एकदम हवेच्या तीन पटींवर उतरतो आणि शून्याच्या जवळपासच तो उकळू लागतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना दर ग्रॅममागे सुमारे 200 ज्यूल उष्णता शोषतो, आपल्या केबिनमधली.

आता हायवेवर गार आणि सिग्नलला कोमट, याचा अर्थ लागेल. कंडेन्सरवर वारा पोचत नाहीये. आधी त्याचा पंखा फिरतोय का, ते बघा. माझ्या गाडीत गेल्या वर्षी पंखा ठीक होता. जाळीत चिखल आणि मेलेले किडे गच्च बसले होते, आणि पुढे वाळकी लिंबू-मिरची डोलत होती. दृष्ट लागली नसेल, धूळ मात्र भरपूर लागली होती. पाण्याच्या हलक्या धारेने धुतलं, काम झालं. गॅसचा खर्च वाचला.

खरंच गळती असेल तर जोडांवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. जोड दुरुस्त करून, पंपाने आतली हवा-ओल ओढून व्हॅक्यूम करूनच गॅस भरून घ्या. आत ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ धरतो.

बाकी गाडीखाली पाणी टपकतंय म्हणून घाबरू नका, ते हवेतलंच बाष्प. तेच पाणी आत पायाशी साचलं, तर निचऱ्याची नळी तुंबलीय.