सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील पर्यटक निवास व भटकंती

सिंधुदुर्ग जिल्ह्याची किनारपट्टी विजयदुर्गच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत सुमारे १२१ किलोमीटर आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे किनाऱ्यावरचे तीन तालुके. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मोठी हॉटेले इथे आजही मोजकीच आहेत. पाहुणा बहुधा गाबीत मच्छीमाराच्या किंवा बागायतदाराच्या घरी उतरतो, त्याच घरचे जेवतो आणि घरातल्याच कुणाच्या तरी होडीतून समुद्रावर जातो. या किनाऱ्याचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

न्याहारी-निवास

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने सुरू केलेल्या न्याहारी-निवास योजनेत राहत्या घरातील खोल्यांची नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात. वायरी, तारकर्ली आणि देवबाग या मालवणलगतच्या गावांत या पद्धतीने चांगलेच मूळ धरले. भरतीरेषेजवळ नव्या मोठ्या बांधकामांवर किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची बंधने आहेत. त्यामुळे समुद्राच्या अगदी जवळचा मुक्काम पूर्वीपासून तिथे असलेल्या घरांतच मिळतो. खुद्द महामंडळाचे पर्यटक निवासही तारकर्लीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात आहे.

जुने घर चिऱ्याचे आणि कौलारू असते. पुढे पडवी, तिच्यापुढे खळे म्हणजे अंगण, परसात विहीर आणि सभोवती माड. पाऊस सरला की खळ्याची जमीन चोपून शेणाने सारवतात आणि वर बांबूच्या आधारावर माडाच्या झापांचा माटव घालतात. तो पावसाळ्याआधी उतरवला जातो. पाहुण्यांच्या खोल्या बहुधा घराच्या बाजूला किंवा माडीवर नव्याने काढलेल्या असतात. त्यांत वातानुकूलन, टाइल्स सारे काही असते, पण संध्याकाळ खळ्यातच जाते. खोली निवडताना समुद्र किती दिसतो यापेक्षा खळे आहे की नाही हे पाहावे.

जेवण आधी सांगावे लागते. बंदरावरच्या लिलावात काय आले त्यावर ताट ठरते: सुरमई, पापलेट, सरंगा, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवेच, आणि मोरीच्या (लहान शार्कच्या) मटणाला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटप. शेवटी सोलकढी. मासे न खाणाऱ्यांची आबाळ होते हा समज चुकीचा आहे. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, हंगामात ओल्या काजूंची उसळ, सकाळी घावणे आणि कधी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया), हे सारे त्याच चुलीवरचे आहे. श्रावणात आणि गणपतीत मात्र कित्येक घरांत मासळी शिजत नाही, आणि चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी घरी आले की भाड्याची खोलीही घरच्यांनाच लागते.

तारकर्ली आणि देवबाग

मालवणच्या दक्षिणेला किनारा सरळ होत जातो आणि तारकर्लीला पांढुरक्या वाळूची लांबलचक पुळण लागते. तिच्या पुढचे देवबाग हे वाळूच्या चिंचोळ्या दांड्यावर वसलेले गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माड, घरे व एक रस्ता. टोकाला नदी समुद्राला मिळते. संगमाजवळ ओहोटीला उघडी पडणारी वाळूची बेटे आहेत; त्यांतले एक ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि जलक्रीडांचा अड्डा बनले. नदीत हाऊसबोटीही चालतात. देवबागला समुद्राची धूप दरवर्षी भेडसावते. दगडी बंधारे घालून गाव जपावे लागते, हे इथे मुक्काम करणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे.

हीच पुळण रापणकरांचीही, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचीही आहे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर ठेवतात आणि मग दोन रांगा दोर ओढू लागतात. जाळे जवळ येईल तशा रांगा एकमेकींकडे सरकतात. शेवटी वाळूवर तारली, बांगडे, कधी नुसतीच चिंगळं (बारीक कोळंबी) फडफडताना दिसतात. मासळीचे वाटे पडतात आणि ओढायला हात लावणाऱ्यालाही काहीतरी मिळते. यांत्रिक मासेमारीपुढे रापण आधीच मागे पडत चालली आहे. त्यात वाळूवरची जागा बाके, छत्र्या आणि पॅरासेलिंगच्या बोटींनी व्यापली तर तिला उभे राहायलाही ठाव उरणार नाही. पर्यटनाची आखणी करताना रापणीची जागा आधी राखली गेली पाहिजे.

मालवणचा समुद्र

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. मुहूर्ताची पूजा झाली ती जागा ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर आजही दाखवतात. किल्ल्यावर जेटीवरून होडीने जावे लागते. तटबंदीच्या वळणात लपलेला महादरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे, म्हणजे शिवाजी महाराजांचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना चारी बाजूंनी खारे पाणी असूनही गोडे पाणी आहे. तटावरून एक फेरी मारल्याशिवाय परत येऊ नये.

किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. स्नॉर्केलिंग आणि स्कुबा डायव्हिंगचा धंदा याच परिसरात वाढला. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हात धरून काही मीटर खाली नेतो आणि प्रवाळांतले रंगीत मासे दाखवतो. अनेक प्रशिक्षक मच्छीमार घरांतलेच आहेत. पाण्याखाली उभे राहायला त्यांनी वाळूच दाखवली तर ते जाणते समजावेत. प्रवाळावर पाय टेकला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. तारकर्लीला महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. होडी कुठलीही असो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली असताना तीत बसू नये.

वेंगुर्ले आणि दक्षिण किनारा

कर्ली ओलांडली की गर्दी ओसरते. भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा, सागरेश्वर या पुळणी जांभ्याच्या कड्यांनी एकमेकींपासून तोडलेल्या आहेत. ज्याला शांतता हवी त्याने तारकर्ली सोडून इथेच यावे. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याची पूर्ण कमान नजरेत येते. समुद्रात दूर वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटे आहेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, म्हणून ती पक्षी-अभ्यासकांना मोलाची वाटतात. वेंगुर्ल्यात डच वखारीचे भग्नावशेष आहेत आणि मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. स्त्रियांनी स्वतः वल्हे मारत खारफुटीच्या जाती ओळखून दाखवणे, हा या किनाऱ्यावरचा सर्वांत अनुकरणीय उपक्रम म्हणावा लागेल. वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि गावकरी ती राखतात.

शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावी शिक्षक होते. वेळागरची सुरूची बने आणि रेडीचा गणपती पाहून रस्ता तेरेखोलला पोचतो.

देवगडकडे

उत्तरेचा भाग तुलनेने कमी गजबजलेला आहे. कुणकेश्वराचे मंदिर थेट वाळूच्या काठावर आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. देवगडला दीपगृह, पवनचक्क्या आणि कातळावर उभ्या केलेल्या हापूसच्या बागा आहेत. आंबा खायचा तर एप्रिल-मे, पण तेव्हा उकाडा असह्य होतो. टोकाला विजयदुर्गाचा बलाढ्य जलदुर्ग.

हंगाम व प्रवास

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी वाहतूक बंद ठेवली जाते, आणि १ जूनपासून यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. तेव्हा पाणी निवळलेले असते आणि गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो. मुक्कामाच्या घरी विचारले तर आज कुठल्या गावची जत्रा आहे ते लगेच कळते.

कोकण रेल्वे समुद्रापासून बरीच आत आहे. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानकावर उतरून एसटी किंवा रिक्षा करावी लागते. चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि दक्षिणेकडच्या गावांना गोव्यातला मोपा विमानतळही सोयीचा पडतो. किनाऱ्यावरचे रस्ते अरुंद, वळणांचे आणि खाड्यांना वळसे घालणारे आहेत. नकाशावर जवळ दिसणाऱ्या देवबाग आणि भोगव्यात फक्त कर्लीचे मुख आहे. होडीने काही मिनिटे लागतात, गाडीने मात्र बराच मोठा फेरा पडतो.