चौथ्या फ्रेटच्या चार मिलिमीटर अलीकडे

माझा भाचा आठ महिन्यांपासून गिटार शिकतोय. मागच्या रविवारी तो गिटार खांद्याला लावून आला तो तक्रार घेऊनच. "मामा, या गिटारीत काहीतरी खोट आहे. सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दिसतात, पण ई मेजर कॉर्ड वाजवली की कानाला खुपतं. म्हणून मी कानाने ऐकत तिसरी तार जराशी उतरवली. ई मेजर मस्त लागली. आणि लगेच जी मेजर वाजवली तर ती बेसूर!" तारा बदलून झाल्या होत्या. दुकानदाराने नवी गिटार घ्यायचाही सल्ला दिला होता.

मी त्याला सांगितलं की तुझा कान अगदी बरोबर आहे आणि गिटारही चांगली आहे. त्याला ते पटेना. मग आम्ही दोघं स्टीलची पट्टी घेऊन बसलो, आणि त्या दुपारी जे मोजलं तेच इथे लिहितोय. फ्रेटबोर्ड (गिटारच्या दांडीचा तो भाग, ज्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेले असतात) समजून घ्यायचा असेल तर याहून चांगली वाट मला माहीत नाही.

आधी थोडं सोपं. गिटारवर सहा तारा. पहिले बारा फ्रेट धरले तर मोकळ्या तारांसकट ७८ जागा होतात, पण स्वर बाराच. एक फ्रेट पुढे जाणं म्हणजे पेटीवर काळी-पांढरी न बघता शेजारच्या पट्टीवर जाणं. शुद्ध स्वरांचं सप्तक, म्हणजेच मेजर स्केल, फ्रेटच्या भाषेत सांगायचं तर २-२-१-२-२-२-१. कुठलीही एक तार घ्या, मोकळी तार सा धरा आणि २, ४, ५, ७, ९, ११, १२ या फ्रेटवर बोट ठेवत जा, सारेगमपधनीसा वाजेल. सा तिसऱ्या फ्रेटवर धरला तर सगळे आकडे तीनने पुढे सरकतात. मेजर कॉर्ड म्हणजे त्यातले सा, ग, प एकत्र वाजवलेले. मायनर म्हणजे ग ऐवजी कोमल ग, एक फ्रेट अलीकडे.

शिकवणीत मात्र मुलांना कॉर्डचे तक्ते मिळतात. ई, ए, डी, सी, जी, प्रत्येकीचा आकार निराळा. मुलं ते पाढ्यांसारखे पाठ करतात. स्केलच्याही पाच चौकटी पाठ होतात. मग वर्षभराने सगळं तोंडपाठ असतं, पण एखादी कॉर्ड सातव्या फ्रेटवर वाजव म्हटलं की हात थांबतो. पाठांतराला माझा विरोध नाही, बोटांना सवय लागावीच लागते. पण ई, ए आणि डी हे तीन आकार वेगळे नाहीतच, हे पहिल्याच महिन्यात कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ते असं. जाड तारेकडून बारीक तारेकडे तारा ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. प्रत्येक पुढची तार मागचीपेक्षा पाच फ्रेट वर असते. फक्त जी आणि बी यांच्यात चारच फ्रेट. म्हणून कुठलाही आकार एक तार खाली सरकवला तर तो जसाच्या तसा राहतो, पण जीवरून बी तारेकडे सीमा ओलांडणारं बोट एक फ्रेट पुढे टाकावं लागतं. आता ई मेजर पाहा. सहावी (सगळ्यात जाड) तार मोकळी, पाचवीवर दुसरा फ्रेट, चौथीवर दुसरा, तिसरीवर पहिला. म्हणजे ०-२-२-१. हाच आकार एक तार सरकवा. ०-२-२, आणि शेवटचं बोट बी तारेवर आलं म्हणून १ चे २. ०-२-२-२. ही ए मेजर! आणखी एक तार सरकवा. आता दोन बोटं जी-बीची सीमा ओलांडतात: ०-२-३-२. डी मेजर! भाच्याने हे स्वतः मोजून काढलं तेव्हा तो मिनिटभर काही बोललाच नाही.

जी-बीमधला हा एक फ्रेट का चोरला? सगळीकडे पाच-पाच ठेवले असते तर पाच उड्यांत २५ फ्रेट झाले असते, आणि सगळ्यात बारीक तार ई ऐवजी एफ झाली असती. २४ केले की बरोबर दोन सप्तकं होतात, दोन्ही टोकांना ई येते आणि एकच बोट आडवं टाकून बार कॉर्ड धरता येते.

आता खरा प्रश्न. आकार सरकवता येतो, हे आपण गृहीत धरतो. पण का येतो?

तारेची लांबी निम्मी केली की वारंवारिता दुप्पट होते, हे शाळेत शिकलोय. तार दोन टोकांना जिथे टेकते त्या नट (डोक्याकडचा) आणि ब्रिज (पोटावरचा) यांच्यात ६५० मिलिमीटर लांबीची तार धरा, क्लासिकल गिटारवर साधारण तेवढीच असते. बारावा फ्रेट ३२५ वर, बरोबर मध्ये. मधले अकरा फ्रेट कुठे बसवायचे? अट एकच: पहिल्या फ्रेटपासून निघा की आठव्यापासून, एक फ्रेट पुढे गेल्यावर उरलेली लांबी दर वेळी त्याच प्रमाणात कमी झाली पाहिजे. बारा वेळा तेच प्रमाण लावलं की निम्मं उरायला हवं. हे प्रमाण म्हणजे १ भागिले २ चे बारावे मूळ, सुमारे ०.९४३९. म्हणून पहिलं घर ३६.५ मिलिमीटर रुंद असतं आणि बारावं जेमतेम १९.३. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) कुठेही लावला तरी उरते ती एक लहान पण तंतोतंत गिटारच.

गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली ल्यूट या गिटारसारख्या जुन्या युरोपीय वाद्याचे वादक होते. १५८१ साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी कारागिरांना परवडेल असा नियम दिला: दर फ्रेटला उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडा. १७/१८ म्हणजे ०.९४४४. किती जवळ! ६५० मिलिमीटरवर बारावा फ्रेट मध्यापासून फक्त अडीच मिलिमीटरने चुकतो. त्याच सुमारास, १५८४ साली, चीनमध्ये मिंग घराण्यातल्या झू झाइयू या राजपुत्राने २ चे बारावे मूळ गणिताने काढलं होतं. जगाच्या दोन टोकांना दोघं एकाच आकड्यापाशी आले.

आता पट्टी हातात घ्या. जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडून बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ स्वर येतो, त्याला गिटारवाले हार्मोनिक म्हणतात. तार दोन समान भागांत थरथरते. सातव्या फ्रेटवर तेच करा, तार तीन भागांत विभागते आणि वरचा पंचम ऐकू येतो. पाचव्यावर चार भाग, वरच्या सप्तकांतला सा. या तिन्ही वेळा बोट फ्रेटच्या बरोबर वर असतं. आता चौथ्या फ्रेटवर करून पाहा. स्वर मरतो. काहीतरी खरखरीत येतं आणि विझतं.

बोट अगदी हळू नटच्या दिशेने सरकवा. फ्रेटच्या अलीकडे चार मिलिमीटरवर एकदम तो स्वर उमलतो. लख्ख गंधार.

हिशेब साधा आहे. तार पाच भागांत विभागायची तर बोट ६५० च्या पाचव्या भागावर, १३० मिलिमीटरवर हवं. चौथा फ्रेट आहे १३४.१ वर. सातव्या फ्रेटचा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, पाचव्याचाही तेवढाच, म्हणून तिथे बोटाच्या जाडीत तो खपून गेला. गंधाराचा फरक मात्र लपत नाही.

हा गंधार आपल्याला नवा नाही. तंबोरा जुळला की खर्जाच्या तारेतून कुणी न वाजवताच गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यात दैवी चमत्कार शोधायची गरज नाही. तीच तार, तिचे तेच पाच भाग. खर्जाच्या पाचपट वारंवारिता म्हणजे दोन सप्तकं वरच्या सा च्या सव्वापट. सा ला १ धरलं तर शुद्ध गंधार ५/४, म्हणजे १.२५. फ्रेटचा गंधार मात्र २ चे घनमूळ, १.२६. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले, एका फ्रेटचे १००, तर फ्रेटचा गंधार १४ सेंटने चढा आहे.

तो चढा का ठेवला? इथे मला गणिताचं एक छोटंसं सौंदर्य दाखवायचंच आहे. गंधार म्हणजे चार फ्रेट. चार-चार फ्रेटच्या तीन उड्या म्हणजे बारा फ्रेट, पूर्ण सप्तक. पण शुद्ध गंधाराच्या तीन उड्या मारा: १.२५ × १.२५ × १.२५ = १.९५३. दोनला पोचतच नाही! ४१ सेंट कमी पडतात. ते तीन उड्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला १४ सेंट येतात. पट्टीवरचे चार मिलिमीटर ते हेच. आणि हे कारागिराच्या कौशल्याने सुटणारं नाही. ५ ला ५ ने कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच; २ च्या पटीतून आलेला आकडा सम. दोन्हींची गाठ कधीच पडणार नाही. पंचमाचंही तसंच: बारा शुद्ध पंचमांनी सात सप्तकं व्हायला हवीत, पण ३/२ बारा वेळा गुणल्यावर १२९.७ येतात आणि हवे असतात १२८. तिथे चूक बारा जणांत वाटली जाते, म्हणून प्रत्येकाला दोन सेंटच सोसावे लागतात.

सगळे फ्रेट शुद्ध स्वरांवर बसवले असते तर? सा ते रे चं प्रमाण ९/८ असतं, रे ते ग चं १०/९. दोन्ही "दोन फ्रेट", पण लहानमोठे. मग सा पासून सुंदर वाजणारा आकार रे वर सरकवला की बिघडतो. रे चा पंचम असायला हवा तो ध ४०/२७ निघतो, कानाला सरळ खटकणारा. आकार सरकतो तो केवळ प्रत्येक गंधार थोडा बेसूर ठेवलाय म्हणून.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात, कारण सा जागचा हलत नाही. पेटीला ती मुभा नाही, आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर जी बंदी घातली, तिच्यामागच्या वादात ठरावीक सुरांचा हा मुद्दाही होता.

आता भाच्याची तक्रार. ई मेजरमध्ये जी तारेचा, म्हणजे तिसऱ्या तारेचा, पहिला फ्रेट हा गंधार असतो. जाड ई ८२.४ हर्ट्झची; तिच्यातून तंबोऱ्यासारखाच आपोआप निघणारा पाचपट स्वर ४१२. गंधाराची वारंवारिता २०७.६५, तिची दुप्पट ४१५.३. हे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला तीनेक हेलकावे येतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले विस्पंद ते हेच. त्याला खुपत होते ते हे. त्याने जी तार उतरवली, हेलकावे थांबले. पण जी मेजरमध्ये तीच मोकळी तार सा असते आणि सा उतरलेला कुणालाच चालत नाही. बी तारेची ओढाताण तर याहून मोठी. जी मेजरमध्ये ती गंधार, तिला २४५ हर्ट्झ हवेत. ई मेजरमध्ये ती पंचम, तिला २४७.२ हवेत. ट्यूनर तिला २४६.९ वर लावतो, म्हणून ई मध्ये ती शोभते आणि जी मध्ये चढी वाटते. "बी तार कधी लागतच नाही" असं गिटारवाले म्हणतात त्यातलं बरंचसं इथून येतं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झवर गिटार लावा, ते निसर्गाचं कंपन आहे, आजार बरे होतात, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. भाच्यालाही तोच उपाय कुणीतरी सुचवला होता. ए हा स्वर म्हणजे ४४० हर्ट्झ, हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं, एक सोय म्हणून. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद माणसाने पाडले. निसर्गाला त्या आकड्याशी काय देणंघेणं? आपल्याकडे तर कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी पांढरी चारमध्ये, आणि गाणं रंगतं. सगळ्या तारा ४३२ च्या हिशेबाने उतरवल्या की सगळं मिळून ३२ सेंट खाली येतं, फ्रेटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. स्वरांमधली प्रमाणं तीच राहतात. गंधार चौदा सेंट चढा होता तो चौदा सेंट चढाच राहतो. आजारी माणसाला असल्या गोष्टीवर विसंबून ठेवणं तर मला अपराध वाटतो.

भाच्याला मी इतकंच सांगितलं: एखादं गाणं सगळं ई मध्येच असेल आणि जी तार मोकळी कुठेच येत नसेल, तर ती खुशाल पाच-सात सेंट उतरव. एरवी ट्यूनरवर सोड.

निघताना त्याने विचारलं, मायनरचं काय? शुद्ध कोमल गंधार ६/५. त्यासाठी तार सहाव्या भागावर, १०८.३ वर दाबायला हवी. तिसरा फ्रेट आहे १०३.४ वर. या वेळी फरक पाच मिलिमीटर, पण फ्रेटच्या पलीकडे, ब्रिजच्या बाजूला. त्याने लगेच तिथे बोट टेकवून हार्मोनिक काढला. कोमल गंधार आलाच नाही. आला पंचम. तार सहा भागांत थरथरली होती, आणि सहा म्हणजे चारची दीडपट.