ट्रेनरनंतर छोटं फायटर? सोपं नाही ते!

रिमोटच्या विमानांच्या छंदात ‘ट्रेनर (शिकाऊ विमान) जमलं की छोटं फायटर (लढाऊ विमानाची प्रतिकृती) घ्या, हलकं म्हणजे सोपं’ हा सल्ला चुकीचा आहे. नुसतं वजन बघू नका, ते पंखाच्या क्षेत्रफळाने भागा. ५०० ग्रॅमचं फायटर, पंख १० चौरस डेसिमीटर: प्रत्येकावर ५० ग्रॅम भार. १,४०० ग्रॅमचं धडाच्या तळाशी पंख असलेलं स्पोर्ट विमान, पंख ३५: फक्त ४० ग्रॅम. मोठं विमान दुरून नीट दिसतं, ते वेगळंच. फायटरचे पंख टोकाकडे निमुळते. उतरताना वेग घटला की टोक आधी स्टॉल होतं (त्याची उचल जाते) नि विमान एका अंगावर कोसळतं.

त्यात आपला मे महिना. ४५ अंशांची हवा १५ अंशांपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ, म्हणजे स्टॉलचा वेग ५ टक्के जास्त. सकाळीच उडवा, दुपारी वावटळी उठतात.

तेव्हा सव्वा ते दीड मीटर पंखविस्ताराचं, सरळ रुंद पंखाचं, चार चॅनेलचं (रिमोटवर चार वेगळी नियंत्रणं) घ्या. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. सुरुवातीला एलेरॉनचा (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांचा) रेट, म्हणजे जास्तीत जास्त हालचाल, ७० टक्के; एक्स्पो, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची नरमाई, ३०. चाकं ७ सेंटीमीटरची बसवा. काळ्या मातीच्या भेगांत छोटं चाक अडकतं, नाक आपटतं, प्रोपेलर जातो. पऱ्हाटीची खुंटं असलेल्या वावरात तर उतरवूच नका, फोम फाटतो.