रत्नागिरी : शहर व परिसरदर्शन

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील रत्नागिरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ७६ हजार (२०११). शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस काजळी नदीची भाट्ये खाडी आणि उरलेल्या बाजूंना जांभ्या दगडाचे सपाट माथे, म्हणजे सडे आहेत. ब्रिटिश अंमलाच्या प्रारंभी, १८२२ च्या सुमारास, जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून येथे आले. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.हून अधिक असून पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या काळात पडतो.

भूरचना : येथील बहुतेक प्रेक्षणीय स्थळांचे रूप जांभ्याने ठरवले आहे, म्हणून त्याचा विचार आधी करणे सोयीचे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील सिलिका पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून गेली, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आणि त्यांचा सच्छिद्र तांबूस थर बनला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो हा थर जागच्या जागी तयार झाला की वाहून आलेल्या गाळावर, याविषयी. महाबळेश्वरच्या माथ्यावरील जांभा पहिल्या प्रकारचा मानतात. किनाऱ्यालगतचा जांभा मात्र त्याहून बराच नंतरचा असावा. रत्नागिरी शहरात विहिरी खणताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती व लिग्नाइटचे (तपकिरी कोळशाचे) पातळ थर सापडल्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मिळतात. या थरांतील वनस्पती-अवशेषांवरून ते मायोसीन काळातले (सु. २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे) ठरवले गेले आहेत. तेव्हा निदान त्यांच्यावर पसरलेला जांभा त्यांच्यानंतरचा, हे उघड आहे. तरीही संपूर्ण किनारपट्टीला एकच उत्पत्ती लावणे धाडसाचे ठरेल. एकाच चिरेखाणीत वर टणक आणि खाली हाताने भुगा होणारा दगड दिसतो.

सडे उन्हाळ्यात उजाड वाटतात. पहिल्या पावसानंतर मात्र चंपक मैदानासारख्या माळांवर दीपकाडीची पांढरी फुले येतात. ही वनस्पती कोकणच्या कातळपठारांपुरतीच मर्यादित आहे. श्रावण-भाद्रपदात तिची जागा सीतेची आसवे आणि गेंद घेतात. पर्यटक बहुधा दिवाळीनंतर येतात, त्यामुळे हा बहर स्थानिकांखेरीज फारसा कोणी पाहत नाही.

पुळणी : शहराच्या दक्षिणेकडील मांडवीची पुळण काळी, तर रत्नदुर्गाच्या उत्तरेस मुरुगवाडा-मिऱ्या बाजूची वाळू फिकट, म्हणून ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ ही नावे रूढ झाली. काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट व मॅग्नेटाइट या जड खनिजांमुळे येतो. मूळ बेसाल्टमधील हे कण नद्या समुद्रात आणतात. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड कण मागे राहतात. मांडवीची मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवले, तर काळे कण राठ केसांसारखे उभे राहतात. काजळी नदीचे मुख लगतच असल्याने मांडवीला हा पुरवठा अधिक होत असावा. उत्तरेकडील वाळूत शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचे प्रमाण जास्त दिसते. मिऱ्या किनाऱ्याची धूप मोठी आहे; तेथे दगडी बंधारे घालूनही पावसाळी उधाणात पाणी वस्तीपर्यंत येते.

कातळशिल्पे : सड्यांच्या उघड्या कातळावर कोरलेल्या या आकृत्यांनी गेल्या काही वर्षांत परिसरदर्शनाची दिशाच बदलली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून केलेल्या शोधातून त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. हत्ती, वाघ, गेंडा, मासे, मनुष्याकृती व उलगडा न झालेल्या भौमितिक चौकटी त्यांत आहेत. उक्षी येथील हत्ती आणि जांभरूणचा शिल्पसमूह शहरातून जाऊन पाहता येतो, राजापूर तालुक्यात कशेळी (सु. १८ मी. लांबीचा हत्ती व त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी), बारसू, देवीहसोळ, रुंढ्ये तळी व देवाचे गोठणे ही ठिकाणे आहेत. ही सातही ठिकाणे, तसेच सिंधुदुर्गातील कुडोपी व गोव्यातील फणसायमळ, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली.

त्यांच्या काळाबद्दल एकमत नाही. उघड्या कातळावर कालमापनास योग्य असा थर साचत नाही, हीच मुख्य अडचण. नांगर, धान्य वा पाळीव जनावरे अशा शेतीच्या खुणांचा अभाव आणि आज कोकणात न आढळणारा गेंडा, या आधारे काही संशोधक ती मध्याश्मयुगीन, सु. १०,००० वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी मानतात. इतर काहींचा कल बराच अलीकडच्या, आद्य ऐतिहासिक काळाकडे आहे. शेतीचे चित्र नाही म्हणून शेती नव्हती, हा युक्तिवाद एकटा पुरेसा नाही. गेंड्याचा पुरावा अधिक वजनदार आहे. तरी कोरण्याच्या खोलीतील व शैलीतील फरक पाहता सर्व शिल्पे एकाच काळातील नसावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या प्रकाशात रेषा उठून दिसतात; भर दुपारी कातळ तापतो आणि शिल्पही सपाट वाटते.

रत्नदुर्ग : तीन बाजूंनी समुद्र असलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा किल्ला. मूळ बांधणी बहमनी काळातील मानतात, सु. १६७० मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला, पुढे आंग्रे व पेशवे यांच्या ताब्यात राहून १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर व दुसऱ्या टोकास दीपगृह आहे. तटावरून मिरकरवाडा हे मासेमारी बंदर संपूर्ण दिसते. पायथ्याजवळचे भागेश्वर मंदिर भागोजीशेठ कीर यांनी बांधले. वि. दा. सावरकर येथे स्थानबद्ध असताना त्यांच्या प्रेरणेने, सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिरही (१९३१) कीर यांनीच उभारले.

थिबा राजवाडा : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास १८८६ मध्ये रत्नागिरीत आणण्यात आले. आज दिसणारी तीनमजली वास्तू १९१० मध्ये पूर्ण झाली. म्हणजे बंदिवासातील बराच काळ त्याने इतरत्र काढला. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच मरण पावला. त्याची समाधी शहरात असून २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिला भेट दिली. राजवाड्यात शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्ये खाडी व पूल दिसतो.

इतर स्थळे : टिळक आळीतील लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व तेथील देवमाशाचा सांगाडा, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र, दक्षिणेस पावस येथील स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर. उत्तरेस आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, केशवसुतांचे मालगुंड व जयगड. जयगडहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला जाणारी फेरीबोट वाहनेही नेते, त्यामुळे गुहागरकडे जाणाऱ्यांचा चिपळूणमार्गे पडणारा वळसा वाचतो.