अंटार्क्टिका हिवाळी मुक्काम (सरकारी नागरी कर्मचाऱ्यांचा)

केंद्र सरकारच्या वैज्ञानिक खात्यांतले नागरी कर्मचारी आपण होऊन नाव देतात आणि अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ या भारतीय स्थानकावर तिथला अख्खा हिवाळा धरून वर्षभर काम करतात, त्या प्रथेला हे नाव आहे. मोहिमेतल्या लोकांच्या तोंडी मात्र ‘विंटरिंग’ हाच शब्द असतो. दोन-चार महिन्यांत परतणारे ते ‘समर’चे मेंबर, मागे राहणारे ते ‘विंटर’चे. मुंबईचा या मुक्कामाशी जुना संबंध आहे. भूचुंबकत्व आणि हवामान या दोन्ही विद्या या शहरात कुलाब्याला रुजल्या, आणि नेमक्या याच दोन विषयांच्या नोंदी अंटार्क्टिकात एक दिवसही चुकवून चालत नाहीत.

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम निघतो आणि माणूस बिऱ्हाड हलवतो. इथे क्रम उलटा आहे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र मोहिमेची आखणी करते, सहभागी संस्था आपापले प्रकल्प आणि माणसे सुचवतात, आणि संस्थेत ‘कोण जाणार?’ हा प्रश्न फिरू लागला की कोणीतरी हात वर करावा लागतो. नंतर दिल्लीच्या एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी होते, मानसिक चाचण्याही होतात. त्यातून पार पडलेल्यांना उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फावरचे प्रशिक्षण घ्यावे लागते : दोर बांधणे, बर्फाच्या भेगेत पडलेल्याला वर काढणे, तंबूत रात्र काढणे. तपासणी एवढी कडक असण्याचे कारण साधे आहे. साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत स्थानकावर जहाज येत नाही, विमान येत नाही. डॉक्टर असतो, छोटी शस्त्रक्रियाही जमते. पण रुग्णाला दुसरीकडे हलवण्याची सोय नसते.

पहिली भारतीय मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. २१ जण होते आणि ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले स्थानक १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने उभारले. त्याच मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया ठरल्या. पहिला हिवाळा १९८४ साली बारा जणांनी काढला. दक्षिण गंगोत्री पुढे बर्फाखाली गाडले गेले. मैत्री १९८९ पासून शिरमाखर ओअॅसिस या खडकाळ भागात आहे आणि प्रियदर्शिनी तळ्याचे पाणी पिते. तिथून सुमारे ३,००० किलोमीटरवरचे भारती २०१२ साली सुरू झाले. ते १३४ शिपिंग कंटेनर जोडून बांधलेले आहे. आता मैत्रीला जाणारे बहुतेक जण केपटाउनहून विमानाने सुमारे सहा तासांत रशियन धावपट्टीवर उतरतात.

मुंबईचे काम समजून घ्यायला कुलाब्यापासून सुरुवात करावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली इथे वेधशाळा काढली आणि १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची मापे सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातले सर्वांत गाजलेले सौरवादळ आले. त्या वेळी कुलाब्यात माणसे डोळ्यांनी माप वाचून हाताने लिहीत होती. चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे ते मोजण्याचे एकक) घसरल्याची त्यांची नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. त्या दिवशी वहीसमोर कोणीच बसलेले नसते, तर हे माप कोणाच्याच हाती लागले नसते. विंटरिंगचे महत्त्व याहून नेमके सांगता येईल असे वाटत नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह चुंबकीय मापे बिघडवतो, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी मापनाचे काम अलिबागला नेले. तिथली इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. १९७१ साली या परंपरेतून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे, आणि मैत्री व भारती येथील चुंबकीय वेधशाळा तीच चालवते. दक्षिण ध्रुवाभोवती ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा आहे. सूर्याकडून आलेल्या कणांचा पृथ्वीच्या क्षेत्राशी होणारा झगडा तिथे मुंबईपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

तिथले प्रत्यक्ष काम असे. बरीचशी मापे यंत्र आपोआप घेते. पण यंत्राचे आकडे हळूहळू सरकत जातात, म्हणून माणसाने ठराविक दिवशी स्वतंत्र माप घेऊन ते ताळ्यावर आणायचे असते. त्यासाठी मुख्य इमारतीपासून दूर लाकडी खोली असते. आत जाण्याआधी कमरेचा पट्टा काढायचा, कारण बकल लोखंडी असते आणि लोखंडाने चुंबकीय माप बिघडते. किल्ल्या, मोबाइल, घड्याळ बाहेर. जॅकेटच्या चेनचीही खात्री करून घ्यायची. आत दुर्बीण बसवलेला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे उपकरण, असतो. त्याचा स्क्रू उघड्या बोटांनी केसभर फिरवायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, दुर्बीण उलटी करून पुन्हा वाचायचा. जाड हातमोजे घालून हे जमत नाही. बोटे बधिर झाली की थांबायचे, काखेत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा सुरू करायचे. बाहेर ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, असेल तर त्या खोलीपर्यंत जायलाही बांधलेल्या दोराचा आधार लागतो आणि एकट्याने निघायचे नसते. हवामान खात्याचा माणूसही असाच घड्याळाला बांधलेला : तापमान, दाब, वारा यांची वेळच्या वेळी निरीक्षणे, आणि ओझोन मोजणारे यंत्र बांधून सोडायचे फुगे.

हे सांभाळून स्वयंपाकघराची पाळी येते. ‘गॅली ड्यूटी’ शास्त्रज्ञाला चुकत नाही आणि लीडरलाही नाही. भांडी, फरशी, पाण्याची व्यवस्था, जनरेटरवर नजर, ही कामे वाटून घेतली जातात. सुरुवातीच्या काळात सैन्यदलांचे जवान व अभियंते मोठ्या संख्येने असत. आता करारावर घेतलेले आचारी, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांच्यावर स्थानक चालते. सरकारी अधिकारी आणि करारावरचा मेकॅनिक वर्षभर एकाच टेबलावर जेवतात, आणि जनरेटर बंद पडल्या दिवशी कोणाचे ऐकायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पर्यावरणाचे नियम कडक आहेत. १९९१ च्या माद्रिद कराराने परकी वनस्पती व प्राणी नेण्यावर बंधन आहे, निर्जंतुक न केलेली माती टाळायची असते. त्यामुळे घरची तुळस सामानात चालत नाही. भारताचा स्वतःचा अंटार्क्टिका कायदा २०२२ साली झाला.

धोका खरा आहे. नवव्या मोहिमेत तंबूत साचलेल्या विषारी वायूने चार सदस्य दगावले. ज्या घरातून माणूस जातो त्या घराला हे माहीत असते. अर्जावर सही एकाची असली तरी मुक्काम दोन ठिकाणी होतो, असे या प्रथेबद्दल म्हटले पाहिजे. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत किंवा पनवेलच्या फ्लॅटमध्ये मागे राहिलेली व्यक्ती मुलांच्या शाळेचे प्रवेश बघते, सासूबाईंची रक्तदाबाची औषधे सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यातून आणते, जुलैत कुर्ल्याला पाणी भरले की एकटीच घर गाठते. त्याच जुलैत मैत्रीवर बहुतेक दिवस सूर्य उगवत नाही. सुमारे दोन महिने ही रात्र चालते. आज उपग्रहामुळे बोलणे होते. पण घरात आजारपण वा मृत्यू आला तरी हिवाळ्यात परतता येत नाही, आणि हे दोघांनी आधीच एकमेकांशी बोलून ठेवलेले असावे, असे जाऊन आलेले लोक आवर्जून सांगतात. निवडीच्या प्रक्रियेत कुटुंबाच्या तयारीला अधिक जागा मिळायला हवी.

२०१७ साली सातव्या वेतन आयोगावरील निर्णयात अंटार्क्टिका भत्ता उन्हाळ्यासाठी रोज १,५०० आणि हिवाळ्यासाठी रोज २,००० रुपये झाला. लीडरला दहा टक्के जास्त. पैशाची मदत होते, मात्र केवळ त्यासाठी नाव देणारे फारसे टिकत नाहीत.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००९ साली परदेशी युद्धक्षेत्रांत जाण्यास राजी असलेल्या नागरी कर्मचाऱ्यांचे वेगळे दलच उभारले होते. भारतात स्वेच्छेने दूर जाण्याची इतकी ठळक नागरी परंपरा अंटार्क्टिकातच दिसते. स्त्रियांचे प्रमाण त्यात अजून कमी आहे. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस काढले, तेव्हा २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या.

एप्रिल २०२४ मध्ये टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळाने भारतीवर टपाल कार्यालय उघडले. त्याचा पिन कोड ‘एमएच-१७१८’, म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रच. टपालाचा गठ्ठा वर्षातून एकदा मोहिमेबरोबर जातो आणि शिक्का मारून परत येतो.

उन्हाळ्यात नवी तुकडी आली की जुना आणि नवा निरीक्षक काही दिवस एकाच खोलीत, एकाच उपकरणावर पाठोपाठ मापे घेतात. हात बदलला तरी आकड्यांत उडी दिसू नये, म्हणून. कुलाब्याहून अलिबागला जातानाही १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापे घेतली गेली होती. नव्याची मापे जुन्याशी जुळली की जुना निरीक्षक खोलीची किल्ली त्याच्या हाती देतो आणि सामान बांधायला घेतो.