पाण्याची भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे

माशांच्या नव्या टाकीत विषारी अमोनियाचे नायट्राइट, त्या विषारी नायट्राइटचे बरेच सौम्य नायट्रेट, आणि हे काम करणारे जिवाणू स्थिरावेपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे, एवढे सायकलिंग वाचकाला ठाऊक आहे असे मी धरतो. मात्र या आठवड्यांत पाणी उडून खाली गेलेली पातळी भरून काढण्यासाठी बादलीभर पाणी ओतायचे, त्यालाच ‘पाणी बदलले’ म्हणायचे आणि वर नायट्राइट का उतरत नाही म्हणून विचारत राहायचे, हा प्रकार इतका रूढ झाला आहे की त्याचा आता कंटाळा येतो.

टाकीतून उडून जाते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार, नायट्राइट आणि नायट्रेट जागच्या जागी राहतात. १०० लिटरच्या टाकीत लिटरमागे ४ मिलिग्रॅम नायट्राइट असेल, तर एकूण ४०० मिलिग्रॅम झाले. जिवाणूंचे काम घडीभर बाजूला ठेवले, तर १० लिटर पाणी उडाल्यावर तेवढेच नायट्राइट ९० लिटरांत उरते आणि प्रमाण ४.४ पर्यंत चढते. भर घातली की ते पुन्हा ४ वर येते, त्याखाली मात्र जात नाही. आटलेल्या आमटीत आटले तेवढेच पाणी घातले तर मीठ मुळात होते तितकेच राहते, तसेच हे आहे. याउलट भरलेल्या टाकीतून २५ लिटर उपसून तेवढेच ताजे पाणी घातले, तर १०० मिलिग्रॅम नायट्राइट घराबाहेर गेले आणि प्रमाण ३ वर आले. उपसल्याशिवाय काहीही कमी होत नाही.

क्षारांचा हिशेबही असाच, किंबहुना अधिक वाईट आहे. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेले बोअरवेलचे पाणी दर आठवड्याला १० लिटर ओतले, तर दर खेपेस ३ ग्रॅम क्षार त्याच १०० लिटरच्या टाकीत साचतात आणि ६ आठवड्यांत प्रमाण ३०० वरून ४८० वर जाते. म्हणून भर घालायला मी आरओचेच, म्हणजे गाळणीने जवळजवळ सगळे क्षार काढलेले, पाणी पसंत करतो. मुंबईच्या तलावांचे मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी असेल तर हा आग्रह धरण्याचे कारण नाही. पाणी बदलताना मात्र निव्वळ आरओ नको. जिवाणू अमोनियावर काम करताना पाण्यातील कार्बोनेट खर्च करतात, ते भरून निघाले नाही तर पीएच घसरतो, आणि तो ६ च्या आसपास आला की सायकल जवळजवळ ठप्प होते. समुद्री टाकी ठेवणाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण त्यांनी भर घालताना गोड्याऐवजी खारे पाणी ओतले तर खारटपणा लगेच वर जातो.

क्लोरीन आणि तापमान यांची काळजी दोन्हींत सारखीच घ्यावी. नळाचे पाणी थोडेसेच घालायचे आहे म्हणून अँटी-क्लोरीन (क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध) टाळू नये.

आता ‘सायकल चालू आहे, पाण्याला हात लावू नका’ हा दुकानातून मिळणारा सल्ला. जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिकवर आणि खडीवर वाढतात, पाण्यात तरंगत नाहीत. त्यामुळे पाणी बदलल्याने सायकल मोडत नाही. ती मोडते स्पंज नळाखाली चोळून धुतल्याने. टाकीत मासे नसतील, आणि सायकलिंग तसेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे, तर बहुतेक दिवस नुसती भर पुरते; अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेले, अथवा पीएच घसरला, तरच पाणी बदलावे. मासे आधीच सोडले असतील, तर वारंवार, प्रसंगी रोज पाणी बदलणे भाग आहे आणि तेथे भर घातल्याचे समाधान काही कामाचे नाही.

काचेवर मार्करने पातळीची रेघ मारावी, चाचणी करण्यापूर्वी त्या रेघेपर्यंत भर घालून पाणी नीट मिसळू द्यावे, आणि पाणी उपसायचे की नाही हे त्यानंतरच्या आकड्यावरून ठरवावे. सायकल पुरी झाल्यावर साचलेले नायट्रेट भर घालून जाणार नाही. पहिला मासा सोडण्यापूर्वी निम्म्याहून अधिक पाणी एकदा बदलावेच लागते.