रुळाचा प्रश्न वेगळाच असतो

ब्रिटनमध्ये रेल्वेचे रूळ साधारण 27 अंश सेल्सिअसला ताणमुक्त राहतील असे बसवतात. त्याहून जास्त तापले की पोलादाला लांबायचे असते आणि लांबायला जागा नसते. एक किलोमीटरचा रूळ 20 अंशांनी तापला, तर त्याला सुमारे 23 सेंटिमीटर जास्त जागा हवी. ती न मिळाल्यास दाब साचतो आणि रूळ एका बाजूला वाकू शकतो. भर उन्हात रूळ हवेपेक्षा 20 अंशांपर्यंत अधिक तापतो. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीला हवाच 40.3 अंशांवर होती!

आता हवामानशास्त्रज्ञ सांगणार, उन्हाळ्याचे सरासरी तापमान इतके वाढेल. रुळांच्या अभियंत्याने या सरासरीचे काय करायचे? कोणत्या मार्गावर, वर्षातले किती तास रूळ मर्यादा ओलांडेल आणि गाड्यांचा वेग कधी उतरवायचा, हे त्याला हवे असते. दोघांचेही म्हणणे बरोबर, पण अहवाल मात्र कपाटात.

म्हणून काही ठिकाणी शास्त्रज्ञाची खुर्चीच हलवली. 2019 ते 2023 या काळातल्या ब्रिटनच्या हवामान कार्यक्रमात विद्यापीठांतले संशोधक थेट हवामानाची माहिती वापरणाऱ्या संस्थांमध्ये बसून काम करत होते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात केप टाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने 2015मध्ये सुरू झालेला 'फ्रॅक्टल' प्रकल्प मला अधिक शहाणा वाटतो. झांबियातले लुसाका, नामिबियातले विंडहोक अशा शहरांत संशोधक पालिकेबरोबर बसले, आणि सुरुवात हवामानाच्या आलेखांपासून केलीच नाही. आधी शहराला भेडसावणारे प्रश्न विचारले. लुसाकात पुढे आले दूषित भूजल, पाणीपुरवठा आणि वस्त्यांत शिरणारा पूर. पाऊस वाढणार की घटणार यावर तिथे हवामानाच्या संगणकीय प्रारूपांचे एकमत नाही. तेव्हा एकच भाकीत देण्याऐवजी, शक्य असलेल्या दोन-तीन भविष्यांच्या गोष्टी लिहून अधिकाऱ्यांसमोर ठेवल्या आणि त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्या.

अशा संशोधकाची अवस्था मात्र ना धड इकडचा ना तिकडचा. विद्यापीठ शोधनिबंध मोजते, कार्यालयाला सोमवारच्या बैठकीपूर्वी दोन पानी टिपण हवे असते. शिवाय बैठकीत कानावर पडलेले किती छापायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे लागते.